आपल्यामागे पैसा कोण सांभाळणार?

‘ट्रस्ट’ म्हटलं की आपल्याकडे देवस्थान आठवतं, शाळा आठवते, फार तर एखादं धर्मादाय रुग्णालय. त्यामुळे घरच्या मालमत्तेचा ट्रस्ट करा असं मी सुचवलं की समोरच्या खुर्चीतून पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘म्हणजे मॅडम, आम्ही सगळं दान करायचं?’ आणि लगोलग दुसरा, ‘मग दर वर्षी धर्मादाय आयुक्तांकडे हिशेब द्यायचा का?’

दोन्हींचं उत्तर नाही असं आहे. देवस्थानं, शाळा, रुग्णालयं यांचे ट्रस्ट सार्वजनिक असतात. त्यांना महाराष्ट्रात १९५० चा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा लागतो आणि त्यांच्यावर धर्मादाय आयुक्तांची देखरेख असते. घरातल्या ठरावीक माणसांसाठी केलेला ट्रस्ट खासगी. तो चालतो १८८२ च्या भारतीय न्यास अधिनियमावर, आणि धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाची पायरी त्यासाठी चढावी लागत नाही.

मी पुण्यात शिवाजीनगरच्या कोर्टात वकिली करते. मृत्युपत्रं, वाटणीपत्रं, हक्कसोडपत्रं आणि वारसांमधले दावे हेच माझं रोजचं काम. या कामात मला एक गोष्ट सतत खुपते. ज्या घरांना ट्रस्टची खरी गरज आहे ती मध्यमवर्गीय घरं या वाटेची चौकशीही करत नाहीत, आणि चौकशी करायला येणाऱ्यांतल्या बऱ्याच जणांना कोणापासून तरी काहीतरी लपवायचं असतं. म्हणून हा लेख पहिल्या प्रकारच्या घरांसाठी आहे.

कल्पना अगदी साधी आहे. एक जण आपली मालमत्ता दुसऱ्याच्या ताब्यात देतो, ती तिसऱ्याच्या भल्यासाठी सांभाळायला. देणारा तो सेटलर, सांभाळणारा विश्वस्त, आणि ज्याच्यासाठी हे सगळं करायचं तो लाभार्थी. बँकेच्या खात्यावर आणि मिळकतीच्या कागदांवर नाव विश्वस्तांचं लागतं, पण त्या पैशातला एक रुपयाही त्यांना स्वतःच्या फायद्यासाठी वापरता येत नाही. हिशेब ठेवणं आणि लाभार्थी मागेल तेव्हा तो दाखवणं हे त्यांचं कर्तव्य आहे. त्यांच्या गैरवर्तनानं नुकसान झालं तर ते त्यांना खिशातून भरून द्यावं लागतं. हे सगळं कायद्यात लिहिलेलं आहे. भावाच्या शब्दावर किंवा जावयाच्या चांगुलपणावर सोडलेली ही गोष्ट नाही, आणि माझ्या मते ट्रस्टची सगळी किंमत एवढ्यातच आहे.

‘पण आम्ही नॉमिनी लावलाय की!’ हे वाक्य मी फार ऐकते. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. बँक, सोसायटी किंवा कंपनी कोणाच्या हाती पैसे अथवा शेअर देऊन मोकळी होईल, एवढंच नॉमिनेशननं ठरतं. ‘कालनिर्णय’चे जयंत साळगांवकर यांच्या इस्टेटीसंबंधीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं १४ डिसेंबर २०२३ रोजी हेच पुन्हा स्पष्ट केलं. शेअर आणि म्युच्युअल फंडाच्या नॉमिनीला मालकी मिळत नाही, मालकी वारसाहक्कानं किंवा मृत्युपत्रानं ठरते, असा तो निकाल आहे. आपल्या नॉमिनेशनच्या फॉर्मवर निर्धास्त झोपणाऱ्यांनी तो जरूर समजून घ्यावा.

मृत्युपत्र मालक ठरवतं, हे खरं. पण ते मालक ठरवून थांबतं. ज्याच्या हाती पैसा दिला त्याला तो सांभाळता येईल की नाही, याची काळजी मृत्युपत्र आपणहून घेत नाही. चांगला कमावता, शहाणा मुलगा किंवा मुलगी असेल तर साधं मृत्युपत्र पुरतं, आणि अशांना मी ट्रस्ट करू नका असंच सांगते. फुकटचा खर्च आहे तो. प्रश्न येतो लाभार्थी लहान असेल, आजारी असेल, व्यसनी असेल किंवा बौद्धिक अपंगत्व असलेला असेल तेव्हा.

कोथरूडचं एक जोडपं माझ्याकडे आलं होतं. काका खासगी कारखान्यातून निवृत्त झालेले, वय ७३. काकू ६९. मोठी मुलगी लग्न होऊन नाशिकला. धाकटा मुलगा ३६ वर्षांचा, डाऊन सिंड्रोम असलेला. वन बीएचके फ्लॅट, काही मुदत ठेवी, म्युच्युअल फंड आणि वाईजवळच्या वडिलोपार्जित जमिनीत हिस्सा. ते आले होते बक्षीसपत्र करायला. महाराष्ट्रात आईवडिलांनी मुलाला किंवा मुलीला राहतं घर बक्षीस दिलं तर मुद्रांक शुल्क २०० रुपये लागतं, वर स्थानिक अधिभार. कोणीतरी त्यांना हे सांगितलं होतं आणि फ्लॅट मुलीच्या नावावर करून टाकायचं त्यांनी ठरवलं होतं. ‘ताई त्याला बघेलच,’ काकू म्हणाल्या. ताई सोबत होती. तिनं मान डोलावली आणि मला ती खरोखर बघेल याबद्दल शंका नव्हती.

मी त्यांना एवढंच विचारलं, ‘काकू, ताई आधी गेली तर?’ फ्लॅट एकदा तिच्या नावावर झाला की तो तिचा. तिनं मृत्युपत्र केलं नसेल तर तिच्यामागे तो तिच्या नवऱ्याचा आणि मुलांचा होतो, भावाचा त्यात हक्क नाही. जावयांच्या धंद्यात तोटा आला आणि ताईनं कर्जाला जामीन म्हणून सही केलेली असली, तर बँक त्या फ्लॅटवर बोट ठेवणार. यात ताईचा काही दोष नसेल, तरी भाऊ मात्र रस्त्यावर येईल.

मग काकांनी दुसरा मार्ग काढला, ‘थेट त्याच्याच नावावर करतो.’ त्यातही अडचण होती. मूल अठरा वर्षांचं झालं की आईवडील कायद्यानं त्याचे पालक राहत नाहीत, मग त्याची बौद्धिक वाढ कितीही असो. हे बहुतेक पालकांना माहीतच नसतं. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अपंगत्व आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठी १९९९ चा राष्ट्रीय न्यास कायदा आहे. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची स्थानिक समिती त्या कायद्यानं अशा सज्ञान व्यक्तीला पालक नेमून देते. नेमणूक झाल्यावर सहा महिन्यांच्या आत मालमत्तेची यादी द्यायची आणि पुढे दर वर्षी हिशेब द्यायचा, असं बंधन त्या पालकावर असतं. काका-काकूंनी हे केलेलं नव्हतं. मुलाच्या नावावर फ्लॅट असता तर तो विकायलाही कोणाला अधिकार नसता, आणि गोड बोलून त्याची सही घेणारा कोणी भेटला असता तर ती निस्तरायला वर्षं गेली असती.

त्यामुळे आम्ही दोन कामं वेगळी केली. माणसाची काळजी एकाकडे आणि पैशाची दुसऱ्यांकडे. पालक म्हणून अर्ज आईवडिलांचा, आणि त्यांच्यामागे ताई व्हावी अशी मृत्युपत्रात इच्छा. पैशासाठी तीन विश्वस्त: काकूंचा भाचा जो सीए आहे, काकांच्या जुन्या सहकाऱ्याची मुलगी, आणि मुलगा ज्या कार्यशाळेत जातो तिथल्याच एका मुलाचे वडील. तिघंही काका-काकूंपेक्षा बरीच लहान. हा माझा आग्रह असतो. लोक पटकन आपल्या वयाचा जिवलग मित्र सुचवतात, पण जे काम आपल्यानंतर तीस वर्षं चालायचं आहे ते ७५ वर्षांच्या माणसाला देऊन काय उपयोग?

पालक आणि विश्वस्त वेगळे ठेवले की एकमेकांवर लक्ष राहतं. ताईनं म्हणावं, त्याला नवा चष्मा हवाय, पैसे द्या. विश्वस्तांनी म्हणावं, बिल पाठव. दोघांनाही त्यात अपमान वाटू नये, कारण ते कागदातच तसं लिहिलेलं आहे.

सगळ्यात नाजूक कलम होतं शेवटचं. मुलाच्या मृत्यूनंतर उरलेलं कोणाला जायचं? काका म्हणाले, ‘अर्थात भाच्याला, त्यानं एवढी वर्षं सांभाळलेलं असणार.’ मी ठाम नकार दिला. उरलेला पैसा ज्याला मिळणार त्याच्याच हाती आज खर्चाची थैली दिली, तर दर खर्चाला त्याचा हात आखडणार. तो वाईट माणूस असेल असं नाही. पण फिजिओथेरपी आठवड्यातून तीनदा की एकदा, खासगी खोली की सामायिक, असे प्रश्न येतात तेव्हा वाचलेला प्रत्येक रुपया आपल्याला मिळणार आहे हे मनाच्या एका कोपऱ्यात असतंच. आम्ही उरलेली रक्कम अर्धी ताईच्या मुलांना आणि अर्धी त्या कार्यशाळेला लिहिली. विश्वस्तांपैकी कोणालाही काही नाही. त्यांच्यासाठी ठरावीक वार्षिक मानधन लिहिलं, कारण डीडमध्ये, म्हणजे ट्रस्टच्या दस्तात, तसं नसेल तर विश्वस्ताला कामाचा मोबदला मागण्याचा हक्क कायद्यानं मिळत नाही. फुकट काम करणारा माणूस पहिल्या वर्षी उत्साहानं करतो आणि पाचव्या वर्षी फोन उचलत नाही.

कागदाबरोबर मी नेहमी आणखी एक गोष्ट लिहून घेते. त्याला कायद्याचं बंधन नाही, ते फक्त विश्वस्तांना लिहिलेलं पत्र असतं. काकूंनी ते चार पानी लिहिलं. थायरॉईडची गोळी सकाळी उपाशीपोटी. वर्षातून एकदा हृदयाची तपासणी, कारण लहानपणी शस्त्रक्रिया झालेली. भात फार मऊ नको. अनोळखी माणसानं खांद्यावर हात ठेवलेला त्याला चालत नाही. आणि दर शनिवारी त्याला पीएमपीच्या बसमधून खिडकीजवळ बसवून स्वारगेटपर्यंत न्यायचं आणि परत आणायचं, त्याला दुसरं काही नको असतं. डीडमध्ये मी ‘लाभार्थीचे आरोग्य, निवास, शिक्षण व मनोरंजन’ असं लिहिलं होतं. त्या पत्रानं विश्वस्तांना तो मुलगा कळला.

आता काका नाहीत आणि काकूही नाहीत. मुलगा पुण्याजवळच्या एका निवासी संस्थेत राहतो. फ्लॅट भाड्यानं दिलेला आहे, भाडं ट्रस्टच्या खात्यात येतं आणि त्यातून संस्थेचे पैसे जातात. कायद्यानं सहविश्वस्तांनी सगळ्यांनी मिळून काम करायचं असतं, पण डीडमध्ये मुभा ठेवता येते. म्हणून महिन्याच्या खर्चाला तिघांपैकी दोघांच्या सह्या चालतात आणि फ्लॅट विकायचा झाला तर तिघांच्याही लागतात. शनिवारच्या बसच्या फेरीसाठी संस्थेतल्या एका मावशींना वेगळे पैसे दिले जातात. ती नोंद हिशेबाच्या वहीत ‘बस’ एवढ्याच नावानं असते.

वाईच्या जमिनीचं काय केलं, हे विचारणाऱ्यांसाठी. ती ट्रस्टमध्ये घातली नाही. वडिलोपार्जित मालमत्ता एकट्याची नसते. २००५ च्या दुरुस्तीनं मुली जन्मानं सहहिस्सेदार झाल्या आणि ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं त्याबद्दलचा उरलासुरला घोळ मिटवला. दुरुस्ती लागू झाली तेव्हा वडील हयात नसले तरी मुलीचा हक्क जात नाही. तेव्हा आधी वाटणी, मग आपल्या वाट्याचं काय करायचं ते. शिवाय शेतजमिनीला कूळकायद्याचं कलम ६३ आडवं येतं. शेतकरी नसलेल्याकडे ती जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय जाऊ शकत नाही. शेतीचा ट्रस्ट करून देतो असं कोणी फार सहज म्हणत असेल तर त्याला हे कलम विचारा.

खर्चाबद्दल स्पष्ट बोलायला हवं, कारण इथेच बहुतेक लोक परत फिरतात. स्थावर मालमत्तेचा ट्रस्ट हयातीत करायचा तर लेखी, सही केलेला आणि दुय्यम निबंधकांकडे नोंदवलेला दस्त लागतो. बक्षीसपत्राची २०० रुपयांची सवलत इथे मिळत नाही. महाराष्ट्रात खासगी ट्रस्टमध्ये घर टाकलं की बाजारमूल्यावर विक्रीखतासारखंच शुल्क बसतं, आणि मुंबईत ते सहा टक्क्यांच्या घरात जातं. एक कोटीच्या फ्लॅटला सहा लाख रुपये. निवृत्त माणसाला हे परवडणार नाही आणि त्यानं ते करूही नये.

त्यावर उपाय आहे, आणि तो मी बहुतेकांना सांगते: ट्रस्ट मृत्युपत्रातूनच करा. ‘माझ्या पश्चात माझा फ्लॅट व ठेवी अमुक विश्वस्तांकडे अमुक अटींवर जातील’ असं मृत्युपत्रात लिहिलं की ट्रस्ट तुमच्यानंतर अस्तित्वात येतो. मृत्युपत्राला मुद्रांक शुल्क नाही. नोंदणी सक्तीची नाही, तरी मी करून घेते. हयातीत सगळं तुमच्याच हाती राहतं, मन बदललं तर मृत्युपत्र बदलता येतं. तोटा एकच. तुम्ही जिवंत असताना अंथरुणाला खिळलात किंवा विस्मरण सुरू झालं, तर हा ट्रस्ट अजून जन्मलेलाच नसतो. ज्यांना ती भीती आहे त्यांनी काही ठेवी आणि म्युच्युअल फंडांचा छोटा ट्रस्ट आत्ताच करावा. जंगम मालमत्तेच्या ट्रस्टला नोंदणीची सक्ती नाही.

कराचं गणितही मृत्युपत्राच्या बाजूनं झुकतं. लाभार्थींचे हिस्से ठरलेले असतील तर त्यांच्या हिश्शाचं उत्पन्न त्यांचंच धरून कर लागतो. कोणाला किती द्यायचं हे विश्वस्तांच्या मर्जीवर ठेवलं असेल, तर साधारणपणे प्राप्तिकराचा सर्वोच्च दर लागतो, पहिल्या रुपयापासून. पण आपल्यावर अवलंबून असलेल्या नातेवाईकाच्या निर्वाहासाठी मृत्युपत्रानं केलेला एकुलता एक ट्रस्ट असेल तर या सर्वोच्च दरातून सूट आहे आणि नेहमीचे टप्पे मिळतात. कायद्यानं ही सवलत नेमकी काका-काकूंसारख्यांसाठी ठेवली आहे, पण सल्ला देणारे अनेक जण ती सांगत नाहीत. २०२५ च्या नव्या प्राप्तिकर कायद्यात कलमांचे आकडे बदलले आहेत, म्हणून इथे जुने आकडे देत नाही. तुमच्या सीएंना या शब्दांत विचारलंत तरी त्यांना कळेल. आणखी एक: ट्रस्ट कधीही मोडून पैसे परत घेण्याची मुभा स्वतःकडे ठेवलीत, तर उत्पन्न तुमचंच धरलं जातं आणि कर तुम्हालाच भरावा लागतो.

लहान मुलांच्या बाबतीत ट्रस्टचा उपयोग वेगळा आहे. एका तरुण जोडप्याचा अपघातात मृत्यू झाला आणि त्यांच्या मुलीच्या वाट्याला विमा आणि नुकसानभरपाई मिळून मोठी रक्कम आली. ती अठराची झाली त्या वर्षी सगळी रक्कम तिच्या हाती गेली आणि तिचं अर्धवट शिक्षण, नातेवाईकांचे सल्ले आणि एक फसलेला धंदा यांत ती कुठे गेली ते आज तिलाही नीट सांगता येत नाही. आईवडिलांनी मृत्युपत्रात ट्रस्ट लिहिला असता तर शिक्षणाचा खर्च आधी आणि मूळ रक्कम पंचविसाव्या वर्षी, अशी विभागणी करता आली असती. मात्र लिहिणाऱ्यानं जपून लिहायला हवं. ‘मुलगी पंचवीस पूर्ण झाली तरच’ असा हक्क त्या वयाशी बांधलेला नसेल, तर एकुलती एक सज्ञान लाभार्थी म्हणून ती अठराव्या वर्षीही सगळी मालमत्ता मागू शकते. १८८२ च्या कायद्याचं कलम ५६ तेच सांगतं.

आणि ज्यांना एवढंही झेपणार नाही त्यांच्यासाठी अगदी गरिबाघरचा ट्रस्ट १८७४ सालापासून कायद्यात आहे. विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेचा कायदा त्याचं नाव, विमा एजंट त्याला एमडब्ल्यूपी म्हणतात. विवाहित पुरुषानं स्वतःच्या आयुष्यावरची विमा पॉलिसी पत्नी आणि मुलांच्या लाभासाठी या कायद्याखाली घेतली की ती पॉलिसी आपोआप ट्रस्ट होते. ती रक्कम त्याच्या इस्टेटीत येत नाही आणि देणेकऱ्यांना तिच्यावर हात टाकता येत नाही. वेगळं डीड नाही, वेगळं शुल्क नाही. पॉलिसी घेतानाच्या अर्जासोबत एक पान भरायचं, बस. ते तेव्हाच भरावं लागतं, नंतर आठवून उपयोग नाही. भोसरीत वर्कशॉप चालवणाऱ्या, इचलकरंजीत कर्जावर माग घेतलेल्या प्रत्येक माणसानं टर्म इन्शुरन्स घेताना एजंटला हे एक पान मागावं. एका वर्कशॉपवाल्याच्या पत्नीला मी स्वतः पाहिलंय. मशिनरी बँकेनं नेली, शेडला कुलूप लागलं, पण विम्याची रक्कम पूर्ण तिच्या हातात आली आणि दोन्ही मुलींची कॉलेजं थांबली नाहीत.

आता दुसऱ्या प्रकारच्या लोकांबद्दल. ‘कर्ज थकलंय, बँकेची नोटीस यायच्या आत बंगला ट्रस्टमध्ये टाकून द्या’ असं सांगणारे येतात. मी करत नाही. देणेकऱ्यांना बुडवण्याच्या हेतूनं केलेलं हस्तांतरण रद्द करवून घेण्याचा हक्क मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५३ नं देणेकऱ्यांना दिलेला आहे. बेकायदेशीर किंवा फसवणुकीच्या उद्देशानं केलेला ट्रस्ट न्यास अधिनियमाच्या कलम ४ प्रमाणे मुळातच निरर्थक ठरतो. ट्रस्टचं संरक्षण हवं असेल तर घेणी-देणी स्वच्छ असताना, संकटाची चाहूलही नसताना तो करायचा.

‘सुनेला काही मिळू नये’ आणि ‘मुलींना दूर ठेवायचंय’ असं सांगणारेही येतात. स्वकष्टाची कमाई कोणाला द्यायची हे ज्याचं त्याचं स्वातंत्र्य, ते मी मान्य करते. पण पत्नीच्या पोटगीचा आणि मुलींच्या वडिलोपार्जित हिश्शाचा हक्क ट्रस्टच्या कागदानं पुसला जात नाही, आणि पुसला जावा अशी माझी इच्छाही नाही.

आणखी एक भीती असते, वारसा कराची. निवडणुका आल्या की ही अफवा फिरते आणि माझे फोन वाजायला लागतात. भारतात मृत्यूनंतरच्या मालमत्तेवर इस्टेट ड्युटी १९५३ साली आली आणि १९८५ साली रद्द झाली. वरच्या टप्प्यात ती ८५ टक्क्यांपर्यंत होती. आज असा कर नाही. उद्या आला तर ट्रस्टला सूट असेल की नसेल हे तो कायदा आल्यावर ठरेल. नसलेल्या कराला घाबरून आज सहा टक्के शुल्क भरणं मला शहाणपणाचं वाटत नाही.

श्रीमंतांनी ही वाट फार पूर्वीपासून वापरली आहे. मराठवाडा ज्यांच्या राज्यात होता त्या निजाम मीर उस्मान अली खान यांनी १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला आपल्या जवाहिरांसाठी आणि कुटुंबीयांसाठी ट्रस्ट केले. ते वारले १९६७ साली. जेकब हिऱ्यासह १७३ दागिने भारत सरकारनं ट्रस्टकडून घेतले ते १९९५ साली, सुमारे २१८ कोटी रुपयांना. मधल्या काळात वारसांची संख्या वाढत गेली, किमतीवरून कोर्टकचेऱ्या झाल्या, पण खजिना एकत्र राहिला. आज तो देशाचा ठेवा आहे. कागद नीट केला की तो करणाऱ्याच्या मृत्यूनंतरही दशकानुदशकं काम करतो, याचं याहून मोठं उदाहरण आपल्या जवळपास नाही.

पण सामान्य घरात कागदापेक्षा माणसं निवडणं अवघड असतं, आणि माझा सगळ्यात जास्त वेळ तिथेच जातो. विश्वस्त होणाऱ्याला आधी स्पष्ट विचारा. पद स्वीकारणं सक्तीचं नाही, पण एकदा स्वीकारलं की लाभार्थींची संमती, न्यायालयाची परवानगी किंवा डीडमधली तशी तरतूद यांपैकी काही असल्याशिवाय राजीनामा देता येत नाही. आपलं काम दुसऱ्यावर सोपवून मोकळंही होता येत नाही. स्वतःच्या पैशाची सामान्य शहाणा माणूस जेवढी काळजी घेईल तेवढी इथे घ्यावी लागते. श्रीमंत नातेवाईकापेक्षा वहीत रोजचा खर्च लिहिणारा नातेवाईक निवडा. एकही योग्य माणूस सापडत नसेल तर बँकांच्या विश्वस्त कंपन्या हे काम शुल्क घेऊन करतात, आणि १९१३ च्या कायद्यानं नेमलेले सरकारी विश्वस्तही आहेत. विश्वस्त वारला, परदेशी गेला, असमर्थ झाला तर नवा कोण नेमणार, हे डीडमध्ये नावानिशी असू द्या. नसेल तर न्यायालयात जायची वेळ येऊ शकते.

ज्यांच्या घरी अपंगत्व असलेलं, अठरा वर्षं पूर्ण झालेलं मूल आहे, त्यांना माझी कळकळीची विनंती आहे. या महिन्यात दोन गोष्टी करा. जिल्हाधिकारी कार्यालयात राष्ट्रीय न्यासाच्या स्थानिक समितीकडे पालकत्वाचा अर्ज द्या, आणि वडील किंवा आई सरकारी नोकरीतून निवृत्त असतील तर मुलाचं नाव कुटुंब निवृत्तिवेतनासाठी कार्यालयात नोंदवलं गेलंय का ते तपासा. तशा मुलाला ते निवृत्तिवेतन नियमांप्रमाणे आयुष्यभर मिळू शकतं, पण आईवडिलांच्या हयातीत कागद झालेले असतील तर मुलाचे हाल वाचतात. मग तीन विश्वस्तांची नावं एका कागदावर लिहा, त्यांना घरी चहाला बोलवा आणि मुलाची ओळख करून द्या. मृत्युपत्राचा मसुदा त्यानंतर कोणताही जाणता वकील लिहून देईल.